अठ्ठीच्या खाली

फरवानियात, हॉस्टेलच्या पाचव्या मजल्यावर,
नाइट संपवून आलेल्या आम्ही चौघी
झोपायच्या आधी तासभर पत्ते खेळतो.
पैसे म्हणून इंजेक्शनच्या बाटल्यांची झाकणं:
निळं पाच फिल्स, केशरी दहा,
लाल पंचवीस, पण ते क्वचितच निघतं.
खाली चादर चौपदरी, वाजायला नको.
हारिसचे कान तिखट आहेत.

वाटते मारिव्हिक.
मनिलाच्या कसिनोत सहा वर्षं वाटत होती.
तिथे तिला खेळायची बंदी होती,
इथे सगळ्यांनाच आहे.

सात पत्ते. पहिले दोन पालथे,
मग चार उताणे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत,
शेवटचा पुन्हा पालथा.
गल्ल्याचे दोन वाटे:
अर्धा सगळ्यात चढ्या हाताला,
अर्धा सगळ्यात उतरत्या.
पण उतरत्यालाही अट आहे,
पाची पत्ते अठ्ठी किंवा तिच्या खालचे,
आणि जोडी एकही नको.

मिरजेला आम्ही मेंढीकोट खेळायचो.
दुर्री-तिर्री हातात आली की तोंड वाकडं.
ती सवय जायला मला दोन महिने लागले,
अजून पूर्ण गेलेली नाही.

रोशनारा वॉर्डातली फरशी पुसते.
झाकणं तीच गोळा करते, साबणाच्या पाण्यात उकळून आणते.
कंपनीची बस साडेनवाला, तोवर ती आमची.
राजा आला की पत्ते टाकून देते, हसून,
दुसऱ्याचं पार्सल चुकून आपल्या दारात यावं तसं.
चौकी आली, दुर्री आली,
की ओढणी कानामागे सारते
आणि मग कुणी कितीही वाढवो, हलत नाही.
महिन्याअखेर तिचाच डबा जड:
दीड दिनार. एकदा दोन.

लीलाम्मा मात्र चढ्याच्याच मागे.
दोन राजे उताणे पडले
की देवाचं नाव घेते आणि एक निळं टाकते. एकच.

परवा माझ्याकडे एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, सत्ती.
एवढा सुंदर हलका हात मी आयुष्यात पाहिला नव्हता.
तेवढ्यात घरून फोन:
स्लॅबचं काम अडलंय, या महिन्यात थोडं जास्त पाठव.
"तुझं बरंय ना?"
"बरंय."
पत्ते पालथे घालून बोलत होते.

मग उघडले. रोशनाराकडे तेच पाच,
फक्त माझी सत्ती बदामाची, तिची किलवर.
सदतीस झाकणं. अठरा लीलाम्माच्या तीन राजांना,
वर उरलेलं एक, नियमाने तेही तिचं.
आमच्या अठराचे पुन्हा दोन वाटे.
बारा घालून नऊ आली.
"जिंकलीस की गं!" लीलाम्मा म्हणाली,
आणि मला खरंच कळेना, काय म्हणावं.

डाव मोडला की मारिव्हिक उभी राहते,
एकदाच टाळी वाजवते,
दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून छताला दाखवते.
तिथल्या कॅमेऱ्यासाठी असायचं ते,
बोटांत काही लपवलेलं नाही म्हणून.
इथे वर एसीची जाळी आहे, धुळीने भरलेली.

गुरुवारी पहाटे चार चाळीसला
सात नंबरचे म्हातारे गेले.
पस्तीस मिनिटं आम्ही झटत होतो.
वेळ लिहिली. नळ्या काढल्या.
मुलगा अजून पार्किंग शोधत होता.
मारिव्हिकने हातमोजे उतरवले,
कुणाला ऐकू जाणार नाही अशी एक टाळी,
मग तळवे, आधी उलटे, मग सुलटे.
मीही वर बघितलं.

त्या रात्री लाल झाकणं पाच निघाली.
रोशनाराने ती मोजली,
आणि धुवायला घेतली नाहीत.